कै. नारायण सीताराम फडके : कादंबरीकार आणि त्यांचे वाचक

प्रतिवर्षी स्मरणिकेत ज्ञातीतील एखाद्या कर्तबगार व्यक्तीचे चरित्र द्यावयाचे, हा आपल्या संघाचा शिरस्ता आहे. देशभक्त, समाजसुधारक, गणिती, वैद्य, शिक्षणासाठी आयुष्य वेचणारे गुरुजन अशी मंडळी ह्या पानांवर येऊन गेली. त्यांच्याविषयी लिहिताना लेखणी अडखळत नाही. कारण त्यांच्या थोरवीबद्दल घरात दुमत नसते. यंदा आम्ही ज्यांचे चरित्र सादर करीत आहो, त्यांच्याविषयी मात्र आपल्याच घरांत एकेकाळी दोन तट पडलेले होते. ओसरीवर ज्यांच्या नावाने नाक मुरडले जाई आणि माजघरात ज्यांचे पुस्तक हातोहात फिरे, असे लेखक म्हणजे कै. ना. सी. फडके. मराठी प्रेमकादंबरीला त्यांनी जी लोकप्रियता मिळवून दिली तिला तोड नाही. त्यांना जाऊनही आता चार तपांच्या जवळपास काळ लोटला. एवढ्या अंतरावरून पाहता त्यांचे मोठेपण आणि त्यांची उणीव ही दोन्ही रागलोभावाचून सांगता येतील, असे आम्हांस वाटते.

फडके ह्यांचा जन्म ४ ऑगस्ट १८९४ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील कर्जत ह्या गावी झाला. आपण उपनगरवासी कर्जत म्हटले की लोकलगाडीची पाटी डोळ्यांपुढे आणतो. ते कर्जत निराळे. त्यांचे उच्च शिक्षण पुण्यास झाले. तत्त्वज्ञान हा त्यांचा विषय. एम. ए. झाल्यावर त्यांनी अध्यापनाचा पेशा पत्करला, अनेक गावांचे पाणी चाखले, आणि अखेर १९२६ साली कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात ते स्थिरावले. तेथे दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी अध्यापन केले. तर्कशास्त्र व मानसशास्त्र शिकविणारा हा प्राध्यापक सायंकाळी घरी येऊन तरुणतरुणींच्या रुसव्याफुगव्यांच्या कथा लिहितो, ह्याचे कित्येकांस नवल वाटे. आम्हांस तसे वाटत नाही. मनुष्याचे मन कोणत्या वेळी कोठे ओढ घेते हे ज्याने अभ्यासिले आहे, तोच वाचकाच्या मनास खिळवून ठेवू शकतो.

त्यांची पहिली कथा १९१२ साली 'केरळकोकिळ' मासिकात आली. तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा होते. १९१७ साली 'अल्ला हो अकबर' ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. ती स्वतंत्र नव्हती. इंग्रज लेखिका मेरी कोरेली हिच्या १९०२ सालच्या एका कादंबरीवर ती आधारलेली होती. ही कोरेलीबाई आज इंग्लंडातही विस्मृतीत गेली आहे. परंतु तिच्या भरभराटीच्या काळात तिच्या पुस्तकांवर लोकांच्या उड्या पडत, आणि टीकाकार मात्र तिची यथेच्छ टवाळी करीत. ज्या लेखिकेच्या हाताला धरून फडके कादंबरीच्या अंगणात उतरले, तिचेच प्राक्तन पुढे त्यांच्याही वाट्यास आले. वाचकांनी डोक्यावर घेतले आणि पंडितांनी पायरीवर उभे केले, असा हा दैवयोग आहे.

फडके ह्यांच्या कादंबऱ्या एवढ्या का वाचल्या गेल्या, हे समजण्यासाठी त्या काळाकडे पाहिले पाहिजे. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षांत कोण घेतो' लिहिली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात. त्या कादंबरीतील मुलीचे लग्न बालवयातच होते. प्रेम म्हणून जे काही तिच्या वाट्यास येते ते लग्नानंतर, पतीच्या सहवासात उमलते. आपल्या पणज्यांची लग्ने आठव्या-दहाव्या वर्षी झालेली होती. अशा समाजात लग्नापूर्वीच्या प्रेमाची गोष्ट लिहावयाची तर ती कोणाविषयी लिहावयाची? परकऱ्या पोरीविषयी प्रेमकथा होत नाही.

ही स्थिती हळूहळू पालटली. महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले. मध्यमवर्गीय घरांतून मुली इंग्रजी शाळेत आणि क्वचित कॉलेजात जाऊ लागल्या. १९२९ साली सारडा कायदा संमत झाला आणि चौदा वर्षांखालील मुलीच्या विवाहास बंदी आली. प्रत्यक्षात सुशिक्षित घरांतील मुलींची लग्ने त्याहूनही लांबणीवर पडत होती. ह्यामुळे स्त्रीच्या आयुष्यात पूर्वी कधीही नसलेली काही वर्षे निर्माण झाली. ती आता बालिका नव्हती आणि कोणाची पत्नीही नव्हती. ह्या वर्षांत तिने काय वाटू द्यावे, कोणाशी कसे बोलावे, मन जडले तर काय करावे, ह्याविषयी आजीच्या ओव्यांत काही सांगितलेले नव्हते, आणि आईच्या अनुभवातही ते नव्हते. नेमक्या ह्याच रिकाम्या जागी फडके ह्यांची कादंबरी येऊन बसली. 'कुलाब्याची दांडी' १९२५ साली आली, 'जादूगार' १९२८ साली, 'दौलत' १९२९ साली, 'अटकेपार' १९३१ साली आणि 'निरंजन' १९३२ साली. ज्या वर्षी सारडा कायदा झाला, त्याच वर्षी 'दौलत' वाचकांच्या हाती पडली, हा योगायोग खरा. पण तो अर्थपूर्ण योगायोग आहे.

ह्या कादंबऱ्यांत असे काय? सुशिक्षित, देखणा, स्वतःच्या पायांवर उभा असलेला तरुण, शिकलेली, नीटनेटकी, बोलण्यात चतुर अशी तरुणी, अकल्पित भेट, पत्रव्यवहार, एखादा गैरसमज, मध्येच उभा राहिलेला प्रतिस्पर्धी, आणि कसोटीचा क्षण. पहिल्या वाक्यापासून कुतूहल जागृत करावयाचे, प्रकरणाच्या शेवटी वाचकास अधांतरी ठेवावयाचे, संवाद खटकेबाज ठेवावयाचे आणि भाषा अशी ठेवावयाची की वाचताना खडा लागू नये, हे त्यांचे तंत्र होते. ते तंत्र त्यांनी लपवूनही ठेवले नाही. १९३१ साली 'प्रतिभासाधन' हा ग्रंथ लिहून कथा कशी रचावी, गुंतागुंत कशी वाढवावी व उकल केव्हा करावी, ह्याचे शास्त्रच त्यांनी मांडले. सुगरणीने आपला मसाला शेजारणीस सांगून टाकावा तसा हा प्रकार होता. तथापि मसाला कळला म्हणून सर्वांनाच आमटी साधली असे झाले नाही. 'गुजगोष्टी' ह्या नावाने त्यांनी जे हलकेफुलके निबंध लिहिले, त्यांनी मराठीत लघुनिबंधाची आवड रुजविली. सत्तरांहून अधिक कादंबऱ्या, शिवाय लघुकथा, निबंध, टीका, चरित्रे अशी त्यांची ग्रंथसंपदा दीडशेच्या आसपास जाते.

आता आपल्या उपनगरांकडे वळू. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत विजेची गाडी सुरू झाली. मध्य रेल्वेच्या मार्गावरही त्याच सुमारास विजेच्या गाड्या धावू लागल्या. गिरगावच्या चाळींतील दोन खोल्यांत मावेनाशी झालेली आपली मंडळी पार्ले, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड येथे येऊन वसू लागली. घर दूर गेले, तसा कारकुनाच्या पदरी सकाळ-संध्याकाळचा गाडीतील वेळ पडला, आणि नव्या वस्तीत माजघरातील स्त्रीच्या पदरी दुपारचा एकांत पडला. हे दोन्ही वेळ भरून काढण्यास कादंबरीसारखे साधन नव्हते. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आणि मुंबईचे १८९८ पासून होते. पार्ल्यास लोकमान्य सेवा संघ १९२३ साली स्थापन झाला. शिवाय गल्लीबोळांतून महिना वर्गणीवर पुस्तके देणारी लहान वाचनालये होती. ज्यांना पुस्तक विकत घेणे परवडत नव्हते त्यांना ते दोन दिवसांच्या बोलीने घरी आणता येत होते.

उपनगरांतील आपल्या ज्ञातीच्या काही वयोवृद्ध भगिनींना ह्या लेखाच्या निमित्ताने आम्ही मुद्दाम भेटलो. मुलुंडच्या एक आजी आज नव्वदीच्या घरात आहेत. त्यांनी सांगितले की लग्न होऊन सासरी आल्यावर त्यांचे यजमान कचेरीतून येताना डब्याच्या पिशवीत कादंबरी घालून आणीत. सासूबाईंची वामकुक्षी आणि चार वाजताचा चहा ह्यांमध्ये जो तास मिळे, त्यात ती वाचावयाची. यजमानांनी ती आधीच गाडीत वाचलेली असे. रात्री सर्वत्र निजानीज झाली की त्या कादंबरीतील नायिकेने केले ते बरोबर की चूक, ह्यावर दोघे हळू आवाजात बोलत. ज्यांचे लग्न दहा मिनिटांच्या दाखविण्याच्या कार्यक्रमात ठरले, अशा दोन माणसांना एकमेकांची मने कळण्यास ही तिसऱ्याची गोष्ट उपयोगी पडली, असे त्या आजींचे म्हणणे. आम्हांस ते फार मोलाचे वाटते. कादंबरीने त्यांना घराबाहेर नेले नाही. घरातल्या घरात एकमेकांपाशी आणले.

अर्थात सर्वांनाच असे वाटत नव्हते. ह्या पुस्तकांनी मुली बिघडतात, त्यांना स्वयंपाकघर नकोसे होते, आणि पुढे येणारा खराखुरा नवरा कादंबरीतील नायकाच्या मानाने त्यांना फिका वाटतो, असे आक्षेप घेतले जात. १९३१ च्या खानेसुमारीत हिंदुस्थानातील शंभर स्त्रियांत सुमारे तीनच साक्षर होत्या. ह्या मूठभर साक्षर स्त्रियांनी काय वाचावे ह्याची चिंता वाहणारे पुरुष मात्र पुष्कळ होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

वस्तुतः मुलींच्या मनातील खरे दुःख मांडणारे पुस्तक निराळेच होते. १९३३ साली विभावरी शिरूरकर ह्या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित राहिलेल्या मुलींचे कोंडलेले जीवन त्यात होते. त्याने महाराष्ट्रात केवढे वादळ उठले हे सर्वश्रुत आहे. ते नाव धारण करणाऱ्या लेखिका म्हणजे मालतीबाई बेडेकर. फडके ह्यांच्या नायिकेस प्रेम करावयास मोकळीक असे, आणि बहुधा तिच्यापुढे हुंड्याचा, धाकट्या भावंडांच्या शिक्षणाचा वा थकल्या वडिलांच्या औषधाचा प्रश्न उभा राहत नसे. मालतीबाईंनी ह्या सर्व प्रश्नांसह मुलगी उभी केली. आणि तरीही त्याच मुली दोन्ही पुस्तके वाचीत होत्या. एका पुस्तकात त्यांना आपले आजचे जिणे दिसे, दुसऱ्यात उद्याचे स्वप्न. कोणते कोणते आहे हे त्यांना पुरतेपणी कळत होते.

फडके म्हणजे केवळ गुलाबी कल्पनांत रमलेला मनुष्य, अशी ज्यांची समजूत आहे त्यांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. संततिनियमनाचा विषय उच्चारणेही जेव्हा असभ्य मानले जाई, तेव्हा त्यांनी त्यावर उघडपणे लिहिले. ह्या विषयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२७ साली मुंबईस प्रसिद्ध झाला आणि त्यास अमेरिकेतील संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर ह्यांची प्रस्तावना होती. त्याच वर्षी मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. सुप्रजननाच्या नावाखाली त्या काळी जगभर जे विचार मांडले जात, त्यांपैकी काही आज त्याज्य ठरले आहेत आणि फडके ह्यांचे लेखनही त्यांपासून अलिप्त नव्हते. परंतु वारंवारच्या बाळंतपणांनी खंगणाऱ्या स्त्रीचा प्रश्न त्यांनी चव्हाट्यावर मांडला, एवढे श्रेय त्यांचेच आहे.

कोल्हापुरातच त्यांना त्यांचे तुल्यबळ प्रतिस्पर्धी भेटले. शिरोड्यास शिक्षक असलेले वि. स. खांडेकर १९३८ साली कोल्हापुरास येऊन राहिले. फडके ह्यांचे मत असे की कलेचे प्रयोजन सौंदर्याचा आनंद देणे हेच होय. तिच्या खांद्यावर उपदेशाचे जू ठेवू नये. खांडेकरांचे मत असे की जीवनापासून तुटलेली कला पोकळ होय. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा वाद महाराष्ट्रात वर्षानुवर्षे गाजला. घरोघर फडकेपक्ष आणि खांडेकरपक्ष निर्माण झाले. सामान्यतः तरुण मंडळी फडक्यांच्या बाजूने आणि शिक्षक मंडळी खांडेकरांच्या बाजूने असे सांगतात. आम्ही शिक्षकी पेशातील असल्यामुळे ह्या बाबतीत निकाल देत नाही. १९४० साली आपल्या कोकणात, रत्नागिरी येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फडके ह्यांस मिळाले. तो त्यांच्या कीर्तीचा मध्यान्ह होता.

आणि त्यानंतर थोड्याच काळात ती घटना घडली, जिच्यामुळे ज्ञातीतील गौरवलेखांत त्यांच्या चरित्राची काही पाने हळूच उलटली जातात. प्रथम पत्नी हयात असताना फडके ह्यांनी वयाने पुष्कळ लहान असलेल्या कमल दीक्षित ह्यांच्याशी दुसरा विवाह केला. ह्या कमलाबाई पुढे स्वतः लेखिका म्हणून नावारूपास आल्या. त्या काळी हिंदू पुरुषास दुसरी पत्नी करण्यास कायद्याची सर्वसाधारणपणे आडकाठी नव्हती. मुंबई प्रांतात द्विभार्याप्रतिबंधक कायदा १९४६ साली आला, आणि सर्व देशास लागू असा हिंदू विवाह कायदा १९५५ साली. म्हणजे कायद्याने ते दोषी नव्हते. परंतु कायद्यापलीकडे एक न्याय असतो. सर्व महाराष्ट्रात त्यांच्यावर टीकेचे काहूर उठले. आचार्य अत्रे ह्यांच्यासारख्या घणाघाती लेखकाशी त्यांचे जे वैर होते, त्यात ह्या प्रकरणाने तेल पडले.

चरित्रकाराने हे झाकावे काय? आमच्या मते झाकू नये. ज्या लेखकाने स्त्रीच्या पसंतीचा मान राखावा असे पुस्तकांतून तरुणांस शिकविले, त्याच्या घरात एका स्त्रीची पसंती कोणी विचारली नाही. ती स्त्रीही आपल्याच ज्ञातीची लेक होती. प्रेमाची महती गाताना त्या प्रेमाची किंमत कोण चुकविते, हा प्रश्न त्यांच्या कादंबऱ्यांत फारसा येत नाही. त्यांच्या आयुष्यात मात्र तो दारात येऊन उभा राहिला. त्यांनी आपल्या आत्मचरित्रास 'माझं जीवन : एक कादंबरी' असे नाव दिले. तथापि कादंबरीतील पात्रे शेवटच्या पानापाशी थांबतात. संसारातील माणसांना त्यापुढेही जगावे लागते.

वाचकांनी ह्यावर काय केले, हे आम्हांस विशेष उद्बोधक वाटते. अंधेरीच्या एका ज्येष्ठ भगिनीने आपल्या मातोश्रींची आठवण सांगितली. त्या माउली फडक्यांच्या निस्सीम वाचक. विवाहाची वार्ता आली तेव्हा त्यांनी घरातील त्यांची सर्व पुस्तके फळीवरून काढून ट्रंकेच्या तळाशी घातली, आणि पुन्हा त्यांच्या पुस्तकावर पैसा खर्चावयाचा नाही असा नियम केला. तो त्यांनी अखेरपर्यंत पाळला. परंतु वाचनालयातून आणून वाचणे त्यांनी सोडले नाही. मुलीने ह्यातील विसंगती दाखविली, तेव्हा त्यांचे उत्तर असे की गोष्टीने कोणाचे काही वाईट केलेले नाही. ज्याने केले त्यास आपल्या घरचा आणा मिळणार नाही म्हणजे झाले. चार यत्ता शिकलेल्या गृहिणीने लेखक आणि लेखन ह्यांमधील भेद इतक्या साध्या रीतीने जाणला व आचरणात आणिला. प्रेमकादंबरी वाचणाऱ्या स्त्रिया भोळ्या असतात व त्या पुस्तकाच्या मागे वाहवत जातात, असे म्हणणाऱ्यांनी ह्या माउलीचे स्मरण करावे.

१९४८ च्या जानेवारीत महात्माजींची हत्या झाली. त्यानंतर महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांची जी जाळपोळ झाली, तिची झळ आपल्या कित्येक कुटुंबांस लागली, आणि गावाकडील घर गमावून काही मंडळी ह्याच उपनगरांत आश्रयास आली. त्या उलथापालथीची पार्श्वभूमी घेऊन फडके ह्यांनी 'झंझावात' लिहिली. चालू घटना कादंबरीत गोवण्याची त्यांची ही उत्तरकाळातील रीत होती. टीकाकारांनी म्हटले की वादळ केवढेही असो, फडक्यांच्या पुस्तकात ते प्रेमकथेच्या खिडकीतूनच दिसते. हे खरे आहे. परंतु त्या खिडकीपाशी बसलेले वाचक हजारो होते, हेही तितकेच खरे आहे.

भारत सरकारने १९६२ साली त्यांस पद्मभूषण देऊन गौरविले. तोपर्यंत वाङ्मयातील वारे मात्र फिरले होते. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली आली आणि माणदेशच्या धनगरांचे जग मराठी कादंबरीत अवतरले. १९६३ साली भालचंद्र नेमाडे ह्यांच्या 'कोसला'ने सफाईदार रचनेचा आग्रहच मोडून काढला. शेतकरी, मजूर आणि दलित समाजांतील लेखकांनी पुढे जे लिहिले, त्यापुढे बंगल्यातील आणि टेनिसच्या पटांगणावरील प्रेमकथा चिमुकल्या वाटू लागल्या. महाराष्ट्र फडक्यांच्या कादंबरीपेक्षा फार मोठा आहे, ही जाणीव योग्यच होती. त्यांचे प्रतिस्पर्धी खांडेकर ह्यांस १९७४ चे ज्ञानपीठ पारितोषिक लाभले. फडके ह्यांस तो मान मिळाला नाही. तरीही त्यांची लेखणी थांबली नाही. २२ ऑक्टोबर १९७८ रोजी पुणे येथे त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

त्यांच्या पुस्तकांचा वाचक हळूहळू कसा ओसरत गेला, ह्याचा पुरावा आपल्या संघाच्या ग्रंथकपाटात आहे. कोणीतरी सभासदाने पूर्वी भेट दिलेल्या त्यांच्या अकरा कादंबऱ्या तेथे आहेत. त्या मूळच्या एका बंद पडलेल्या वाचनालयाच्या. प्रत्येकीच्या मलपृष्ठाच्या आत परतीच्या तारखेचा कागद चिकटविलेला आहे. त्यावर १९५० नंतरच्या दहा-बारा वर्षांत शिक्क्यांवर शिक्के पडलेले दिसतात. काही ठिकाणी कागद पुरला नाही म्हणून खाली दुसरा जोडला आहे. १९७२ साली मुंबईस दूरदर्शन आले, त्यानंतरचे शिक्के विरळ होत जातात. पुढे कागद कोरा आहे. समासांत कोठे कोठे पेन्सिलीच्या बारीक खुणा आहेत. त्या नायकाच्या वर्णनापाशी नाहीत. नायिका वडिलांना स्पष्टपणे नकार देते अशा पानांपाशी आहेत. खुणा करणाऱ्या कोण होत्या हे कळण्यास मार्ग नाही. परंतु त्या कोठे थांबल्या ते कळते.

जागेच्या अडचणीमुळे ही जुनी पुस्तके रद्दीत द्यावीत, अशी सूचना गेल्या वर्षी कार्यकारिणीपुढे आली आहे. त्यामागील अडचण खरी आहे. कपाट एक, पुस्तके अनेक, आणि वाळवीचे भय कायम. तथापि आमची सभासद कुटुंबांस नम्र विनंती आहे की निर्णयापूर्वी पुढील गोष्टीचा विचार व्हावा. आपल्या संघात दर रविवारी वधूवरसूचक विभाग भरतो. पूर्वी तेथे वडीलमंडळी टिपणे घेऊन येत आणि मुलामुलींस नंतर सांगितले जाई. आज मुलगी स्वतः येते, स्वतः प्रश्न विचारते, आणि नाही म्हणावयाचे असेल तर स्वतः नाही म्हणते. पुष्कळदा तर ती येतच नाही. तिने आपले आपण ठरविलेले असते, कधी ज्ञातीत, कधी ज्ञातीबाहेर, आणि आपण अक्षता घेऊन जातो. हा पालट एका दिवसात झाला नाही. कायद्याने वय वाढविले, शाळेने अक्षरे दिली, नोकरीने पैसा दिला. परंतु स्वतःच्या मनास विचारून पाहावे, ही सवय कोठून आली? तिचा एक धागा तरी ह्या पिवळ्या पडलेल्या पानांतून आलेला आहे, असे आम्हांस निश्चयाने वाटते.

ह्यास्तव ती अकरा पुस्तके ठेवावीत, आणि त्यांच्याबरोबर लेखकाचे आयुष्यही संपूर्ण सांगावे. आपल्या नातींनी फडके वाचावेत. त्यांच्या भाषेची सफाई, त्यांच्या कथेची बांधणी, तरुण मनाविषयीचा त्यांचा आदर पाहावा. आणि त्याच वेळी त्यांनी हेही जाणावे की ज्या घरात एकाची निवड दुसऱ्याच्या आसवांवर उभी राहते, तेथे प्रेम हा शब्द अपुरा पडतो. आपल्या आज्यांनी हे दोन्ही ओळखले होते. त्यांनी पुस्तक घेतले ते डोळे उघडे ठेवून, आणि लेखकास जोखले ते आपल्या तराजूने.

ज्यांच्या घरी फडके ह्यांच्या अथवा त्या काळातील अन्य लेखकांच्या जुन्या कादंबऱ्या असतील, त्यांनी त्या टाकून न देता संघास कळवावे. कपाटाची व्यवस्था करण्यास आम्ही आणि आमचे दोन निवृत्त स्नेही सिद्ध आहो. कै. ना. सी. फडके ह्यांच्या स्मृतीस, आणि दुपारच्या एका चोरट्या तासात त्यांना वाचणाऱ्या आपल्या अनामिक मातामहींच्या स्मृतीस, आमचे अभिवादन असो.